रिकामे खोरे कोणी केले?

स्कॉटलंडातील इन्व्हरनेस शहराहून उत्तरेस निघालेली आगगाडी सुमारे साडेचार तासांनी देशाच्या टोकाजवळील विक गावी पोहोचते. हा लोहमार्ग सन १८७४ मध्ये पुरा झाला. हेल्म्सडेलच्या अलीकडे काही अंतर समुद्र सोबतीस असतो. पुढे गाडी किल्डोननच्या खोऱ्यात वळते. तेथे नदी, टेकड्या व मेंढरे दिसतात. मनुष्याची वस्ती क्वचितच. हा प्रदेश ईश्वराने निर्मिला तसाच राहिला असावा, असे प्रवाशास वाटते.

परंतु तसे नाही. सन १८१३ ते १८१९ या काळात सदरलंडच्या जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी येथील कुळे उठविली. कित्येक कुटुंबे कानडा देशी गेली. पुढे त्याच घराण्यातील नातवाने स्वखर्चाने या लोहमार्गाचा काही भाग बांधविला. पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

सुंदर देखाव्याने मन प्रसन्न व्हावे, यात दोष नाही. प्रश्न हा की, मनुष्याच्या लोभाने जे घडले त्यास देवाची करणी म्हणावे काय?

याच मार्गावरील आर्डगे स्टेशनापासून काही कोसांवर क्रोइक येथे एक लहान उपासनामंदिर आहे. सन १८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्हीच्या लोकांना घरांतून काढिले, तेव्हा त्यांनी मंदिराच्या आवारात आसरा घेतला व खिडकीच्या काचांवर आपली हकीकत कोरून ठेविली. त्यात त्यांनी स्वतःसच दुष्ट पिढी म्हटले आहे. ती अक्षरे आजही दिसतात. घर जमीनदाराने घेतले, आणि पाप मात्र त्यांनी आपल्या पदरी घेतले!

कोणी म्हणेल, स्वतःचे पाप ओळखणे हे तर भक्ताचे लक्षण होय. खरे आहे. परंतु स्वतःचे पाप स्वतः पदरी घेणे निराळे, आणि दुसऱ्याने ते लादणे निराळे. नाबोथाचा द्राक्षमळा गेला, तेव्हा एलीया नाबोथाची पापे शोधीत बसला नाही. तो अहाबासमोर जाऊन उभा राहिला. ग्लेनकॅल्व्हीकरिताही गस्टेव्हस एर्ड नामक पाळकांनी लोकांची बाजू घेतली, आणि लंडनच्या 'टाइम्स' पत्राच्या बातमीदाराने तेथे जाऊन त्यांचे हाल जगापुढे मांडिले.

म्हणून उपदेशक बंधूंनो, ज्याचे शेत बळकाविले गेले असा कोणी तुमच्या दारी आला, तर 'देवाची मर्जी' हे शब्द उच्चारण्यापूर्वी एवढे विचारा: शेत घेतले कोणी?