कलम 87 आणि अण्णांची फियाट

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे सांगून ठेवलंय. सांगणाऱ्याच्या काळी मोटार नव्हती, नाहीतर तिचंही नाव या यादीत आलं असतं. जुन्या मोटारीचं मूळ शोधायला निघालेला माणूस स्वतः तर झोपत नाहीच, पण शेजाऱ्यांनाही झोपू देत नाही. हे आम्ही धाटावकर गेले सहा महिने अनुभवतो आहोत.

शेजारच्या अण्णांची फियाट 1973 सालची. अण्णा इथल्या एमआयडीसीत फिटर. त्यांनी ती 1986 साली सेकंडहँड घेतली आणि तीसएक वर्षं चालवली. अण्णा गेले आणि गाडी मागच्या पडवीत कोंबड्यांच्या ताब्यात गेली. आता मुलानं तिचा जीर्णोद्धार मनावर घेतलाय. तो पुण्याहून शनिवारी येतो आणि आल्याबरोबर गाडीखाली शिरतो. आईला तो फक्त पायांपुरता भेटतो.

त्याचा हट्ट एकच, गाडी कारखान्यातून निघाली तशी झाली पाहिजे. रंग तोच, काचा त्याच, आणि अण्णांनी केलेले सगळे उद्योग साफ!

आता फिटरच्या हाताला तीस वर्षं लागलेली वस्तू कारखान्यातून निघाली तशी राहील कशी? स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर अण्णांनी खाली आणला. हॉर्न लॉरीचा बसवला. तो वाजला की कुंडलिकेपलीकडची म्हैस मान वर करायची. पुढचा अखंड बाक कापून त्याचे दोन केले, आणि डाव्या बाकाखालच्या पत्र्याला चार लोखंडी कड्या वेल्ड केल्या. या कड्या वर्षातून एकच दिवस कामाला यायच्या. पेणहून गणपती आणायचा तो दिवस. डावा बाक काढायचा, मूर्तीचा पाट त्या जागी ठेवायचा आणि चार कड्यांना सुती दोरीनं आवळायचा. रस्त्यानं अण्णांची हाडं खिळखिळी केली, पण गणपतीची सोंड कधी दुखावली नाही.

मूळच शोधायचं तर गाडीचं माहेर इटलीचं. सासर कुर्ल्याचं, वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं. सत्तरच्या दशकात सासरच्यांनी रीतीप्रमाणे नाव बदलून पद्मिनी ठेवलं. लोक मात्र शेवटपर्यंत माहेरच्याच नावानं हाक मारत राहिले. 2000 च्या सुमारास ती बनायची थांबली, आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत टॅक्सी म्हणूनही उरली नाही. एवढं झाल्यावर तिचं मूळ रूप कुठलं धरायचं, हे ठरवायला पंचांग लागेल.

सरकारनं मात्र ते ठरवून टाकलंय. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली, मोठा फेरफार न झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नोंदणीचे 20,000 रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ अशी मानाची अक्षरं. मात्र एकदा नोंदवली की ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर. थोडक्यात, गाडी सोवळ्यात बसवायची. अस्सल ठरली की काम बंद! कायम झालेल्या नोकरदाराबद्दलही लोक असंच काहीसं बोलतात. मी बँकेत असल्यामुळे मत देत नाही.

पण किती टक्के मूळ उरलं म्हणजे वस्तू मूळ म्हणायची? हा प्रश्न रिझर्व्ह बँकेनं निदान नोटेपुरता सोडवलाय. पन्नास रुपयांच्या आणि त्यावरच्या फाटक्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 असेल तर निम्मे, आणि त्याखाली नमस्कार. या हिशेबानं आमच्या फियाटचे निम्मे पैसे मिळतील असा माझा अंदाज आहे. नागसेनांनी मिलिंद राजाला विचारलं होतं, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला आणि कोड्यात पडला. त्याला रथाचं पासिंग करायचं नव्हतं म्हणून निभावलं.

मुलाची बाजू अगदीच लंगडी नाही हं. तो म्हणतो, “दादा, प्रत्येकानं आपल्या सोयीनं कापाकापी केली, तर 1973 ची गाडी कशी होती हे पुढे कुणाला कळणार?” खरं आहे. गावोगावी देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्यांचीही सोयच बघायची असते.

पण काकू एरवी गाडीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, त्या परवा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “कंपनीतून आली तशी करतोस म्हणे. तेव्हा ती आपली कुठे होती रे?”

त्या रात्री मला बी.कॉम.ला पाठ केलेलं कलम आठवलं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881, कलम 87. चेकवर महत्त्वाचा फेरफार झाला, तर ज्या पक्षकाराची त्याला संमती नाही त्याच्यापुरता तो चेक रद्द. परंतु (कायद्यात सगळी गंमत या ‘परंतु’नंतर असते) मूळ पक्षकारांचा सामाईक हेतू पार पाडण्यासाठी तो केला असेल, तर चालतो. मी दुसऱ्या दिवशी गाडीखालच्या पायांना हे समजावून सांगितलं. कारखान्याचा हेतू काय? घरची माणसं धडपणे घरी पोचवणं. अण्णांचा हेतू काय? तोच. गणपती घरचाच आहे. तेव्हा कड्या कायदेशीर. अण्णांच्या गुडघ्यासाठी बाक कापला, तोही मंजूर. गिअरचं मला ठरवता येत नाही. हॉर्न मात्र रद्दबातल. तो नुसती हौस होती आणि माझी खिडकी त्या बाजूला आहे.

पाय काही बोलले नाहीत.

निकाल पावसानंच लावला होता. गॅरेजवाल्या चाचांनी हातोडी ठोकून बघितली आणि म्हणाले, “खालचा पत्रा सगळा कुजलाय, नवा घालावा लागेल.” म्हणजे कड्या आपोआप जाणार. मुलाला हवं तेच होत होतं. चाचांनी पत्रा कापून बाहेर काढला, तेव्हा तो गाडीखालून निघाला आणि एक कडी बोटानं चाचपत बसला. दोरीनं घासून ती आतल्या बाजूनं गुळगुळीत झाली होती, विहिरीच्या रहाटासारखी.

“चाचा, या कापून नव्या पत्र्याला लावता येतील? होत्या त्याच जागी?”

“जागा पत्र्याबरोबर गेली बाबा,” चाचा म्हणाले. “पाट आण. त्यावरून खुणा करतो.”

काकूंनी स्वतः माळ्यावर चढून पाट काढून दिला. चाचांनी तो नव्या पत्र्यावर ठेवला, कड्या चारी बाजूंना लावून बघितल्या आणि कानामागचा खडू हातात घेऊन थांबले. अण्णांचा जुना पाट वाळवीनं खाल्ला म्हणून काकूंनी मागेच नवा करून घेतला होता. तो दोन बोटं जास्त रुंद आहे.