दुखणं घेऊन शर्यतीला

वर्षानुवर्षं कंबर दुखणाऱ्या माणसाने मोटारींची शर्यत बघायला जावं का? जरूर जावं, असं मी म्हणते. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा मी प्रेक्षकांत होते. फाटकापासून जागेपर्यंतची लांब चाल, ऊन आणि धड टेकता न येणारी बैठक. शर्यत सुरू होण्याआधीच कंबरेने हैराण केलं होतं. मग चोवीस गाड्या सुटल्या. त्या व्ही-एट इंजिनांचा आवाज नुसता ऐकू येत नाही, बरगड्यांत घुमतो. साठ फेऱ्या झाल्या, व्हेटेल जिंकला. दुखणं क्षणभरही थांबलं नाही, पण तो दीड तास मी त्याच्या मालकीची नव्हते.

याला मनाचे खेळ म्हणून झटकू नये. वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ सालीच मांडलं होतं की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत अडू शकतो किंवा वाढू शकतो, आणि त्यात मेंदूचाही हात असतो. त्या सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, मूळ विचार टिकला.

मला खरं छळतं ते लोकांचं गणित. शर्यतीला जाता येतं, मग लग्नाला का नाही? फोटोत तर हसतेस! म्हणजे आनंद दिसला की दुखणं खोटं ठरलं. त्या हसण्यामागून येणारे अंथरुणातले दिवस फोटोत नसतात. ती किंमत मला आधीच ठाऊक होती, मी ती मोजायची ठरवली होती.

१ ऑगस्ट १९७६ ला न्यूरबर्गरिंगच्या शर्यतीत फॉर्म्युला वन चालक निकी लाउडा आगीत होरपळला आणि सहा आठवड्यांत मोंझाच्या शर्यतीत चौथा आला. जखमा पुरत्या भरल्याही नव्हत्या. त्याला आपण शूर म्हणतो, ते योग्यच आहे. पण त्याचं दुखणं चेहऱ्यावर दिसत होतं. ज्याचा एक्स-रे स्वच्छ येतो, त्याने पुरावा कुठून आणावा? दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखावा, असं वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्येसोबतच नोंदवलं आहे. घराघरांत हे अजून पोचायचं आहे.

तुमच्या घरातलं असं दुखणं असलेलं कोणी शर्यतीला, मैफलीला निघालं, तर त्याला कडेची जागा मिळवून द्या, पिशवी तुम्ही धरा. आणि दुसऱ्या दिवशी त्याला उठता आलं नाही, तर ‘सांगत होते ना’ एवढं मात्र म्हणू नका.