दिवाणखान्यातली लगोरी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक खोकं खाली आलं. आत उभ्या पुस्तकाएवढं पांढरं यंत्र, दोन रिमोट आणि विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर. भावाने २००८ साली अमेरिकेहून आणलेलं हे निन्टेंडोचं 'वी'. तिथल्या १२० व्होल्टवर चालणारं, म्हणून तो ट्रान्सफॉर्मर. हातात रिमोट धरून नुसता हात हलवायचा आणि पडद्यावर टेनिस, बॉक्सिंग, बोलिंग खेळायचं. दोन-तीन वर्षं घर त्याने दणाणून गेलं होतं, मग ते माळ्यावर गेलं ते गेलंच. सुट्टीला आलेल्या माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने ते पाहिलं आणि आवराआवरी तिथेच थांबली.

जोडलं, चित्र आलं. पण पडद्यावर निवड करायला जो छोटा हात दिसतो तो काही उमटेना. टीव्हीखाली ठेवायच्या काळ्या पट्टीची वायर खोक्यात दुमडून तुटली होती. तिला 'सेन्सर बार' म्हणतात खरं, पण ती पट्टी स्वतः काहीच ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात, आपल्या डोळ्यांना न दिसणारे. पाहण्याचं काम रिमोटच्या टोकातला इवलासा कॅमेरा करतो. समोर दोन ठिपके दिसले की आपण रिमोट कुठे रोखलाय ते तो ताडतो. दोन मेणबत्त्या लावल्या तरी चालतं, असं भाच्याने कुठेतरी पाहिलं होतं. घरात मेणबत्त्या नव्हत्या. आई उठली, देवघरातली दोन निरांजनं घेऊन आली, वाती वर सारल्या आणि टीव्हीसमोर वीतभर अंतरावर ठेवली. पडद्यावर हात उमटला. जपानी यंत्राला आमच्या निरांजनाची ज्योत दिसली याचा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

आईला भाच्याने बोलिंग लावून दिलं. ती त्र्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, जिना एकेक पायरी करून चढते. खरी बोलिंग अ‍ॅली तिने कधी पाहिलेली नाही. रिमोटच्या पोटाचं बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचं, एवढंच तिला सांगितलं. पहिल्या खेपेला हात मागे असतानाच बोट सुटलं. चेंडू पाठीमागे पडला आणि पडद्यावरची मागची मंडळी दचकून उडाली. "अगंबाई, कुणाला लागलं नाही ना?" आई म्हणाली. मग तिने पदर खोचला.

पुढच्या दहा मिनिटांत भाच्याने तिला एक गुपित सांगितलं. "आजी, एवढा हात फिरवायची गरजच नाही. बसून नुसता मनगटाला झटका दे, तेवढाच पोचतो."

त्याचं खरं आहे. या रिमोटमध्ये वेग किती झपाट्याने बदलतोय ते मोजणारी एक चिप आहे. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो किंचित सरकतो आणि ते सरकणं विजेच्या भाषेत मोजलं जातं. हात खांद्यातून आला की नुसत्या मनगटातून, हे त्याला धड कळत नाही. २००९ साली जायरोस्कोपची जोड मिळाल्यावर हालचाल पुष्कळ बारकाईने टिपली जाऊ लागली. आमचा रिमोट त्याआधीचा. म्हणजे सोफ्यावर रेलून, चिमूटभर झटक्यावर तुम्ही जिंकू शकता. भाचा तसाच जिंकतो.

आईने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा उभं राहून खांद्यापासून हात फिरवला.

'वी स्पोर्ट्स' नावाचा हा खेळ २००६ च्या नोव्हेंबरात यंत्राबरोबरच आला आणि त्याच्या ८ कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या. आयांनाही घरात हवंसं वाटेल असं यंत्र असावं, ही शिगेरू मियामोतो या त्याच्या रचनाकाराची इच्छा होती. पुढे जे झालं त्याचा अंदाज मात्र बहुधा कुणालाच नव्हता. लोक इतक्या जोराने हात फिरवू लागले की मनगटाला बांधायची दोरी तुटून रिमोट टीव्हीवर जाऊन आदळू लागले. त्याच डिसेंबरात सुमारे ३२ लाख दोऱ्या जाड करून बदलून देण्याची घोषणा करावी लागली. पुढच्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरचं पत्र छापून आलं. एकोणतीस वर्षांचा धडधाकट माणूस, सकाळी उठला तो उजवा खांदा ठणकतोय. कारण काय, तर या खेळातलं टेनिस तासन्‌तास खेळला होता.

ही उदाहरणं हसण्यावारी नेली जातात. मला त्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. समोर चेंडू नाही, हातात रॅकेट नाही, मनगटाच्या झटक्याने भागतं हे एव्हाना कळलेलं आहे. तरी शरीर काटकसर करत नाही. यंत्र मागतं चिमूटभर, आणि शरीर ओंजळ भरून देतं. खेळ म्हणजे जिंकणं असतं तर सगळे सोफ्यावर बसून राहिले असते.

हा काही व्यायाम नव्हे, हे मला मान्य आहे. किशोरवयीन मुलांवर तेव्हाच झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, बसून खेळण्यापेक्षा यात शक्ती जास्त खर्च होते पण खऱ्या खेळाइतकी होत नाही, असंच दिसलं होतं. टेनिसमध्ये तर पडद्यावरची बाहुली आपली आपण धावते, आपण फक्त चेंडू मारायचा. धावणं यंत्राने स्वतःकडे घेतलंय. पण ज्याचे पाय थकलेत त्याच्या वाट्याला त्यामुळे काय येतं, ते आईच्या खांद्याकडे पाहून मला कळत होतं. तो हात गेली पन्नास वर्षं कणीक मळतोय, धुणं पिळतोय, नातवंडांना थोपटतोय. नेम धरून काही फेकायला तो किती वर्षांत पुढे गेला नव्हता.

"हे लगोरीसारखंच आहे की," ती मध्येच म्हणाली.

सांगलीच्या वाड्यात, मागच्या अंगणात, सात चपट्या दगडांची लगोरी. कापडाचा चेंडू सुतळीने घट्ट बांधलेला. चौथीत असताना ती मुलांच्या डावात खेळायची, कारण नेम तिच्यासारखा कुणाचा नव्हता. हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. भाच्याने खेळ थांबवला आणि तिला एकेक विचारू लागला. दगड कसे निवडायचे? मोठा खाली, लहान वर. फोडल्यावर काय? "फोडल्यावरच तर खरा खेळ," आई म्हणाली. "धावायचं आणि रचायची. तेवढ्यात समोरचे चेंडूने शेकून काढतात. पाठीवर वळ उठायचे. घरी दाखवायची सोय नव्हती."

मग ती पुन्हा उभी राहिली. निरांजनं अजून तेवत होती. हात मागे गेला, पुढे आला, बोट सुटलं आणि दहाच्या दहा खुंट्या आडव्या झाल्या. भाचा ओरडला. आई ओरडली नाही. तिचा उजवा पाय आपोआप पुढे पडला, कंबर किंचित वाकली, डावा हात जमिनीच्या दिशेने गेला.

पडद्यावर यंत्राने खुंट्या उचलून पुन्हा रांगेत लावल्याही होत्या. आई अर्धवट वाकलेली तशीच थबकली.

"आपोआप रचते होय," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश सरळ झाली.