मय्यतीचा हक्क

मृताला गुस्ल (स्नान) देणे, कफन चढवणे, जनाज्याची नमाज पढणे आणि दफन करणे ही इस्लाममध्ये ‘फर्ज-ए-किफाया’, म्हणजे सामूहिक जबाबदारी, मानली जाते. वस्तीतल्या काहींनी ती पार पाडली की बाकीचे मोकळे होतात; कोणीच पुढे आले नाही तर दोष सगळ्यांच्या माथी येतो. मय्यतीचा, म्हणजे मृताचा, हक्क असा अनोळखी माणसांवरही असतो. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईत, जिथे अनेकांचे भाऊबंद दूर गावी असतात, हा नियम फार मोलाचा ठरतो.

पनवेल, तळोजे, उरण इथल्या कोकणी मुसलमानांच्या वस्त्या या शहराहून जुन्या. ते सुन्नींच्या शाफई पंथाचे, तर उत्तरेतून आलेले बहुतेक सुन्नी हनफी पंथाचे. जनाज्याच्या नमाजेत शाफई चारही तकबिरींना (‘अल्लाहु अकबर’ म्हणताना) हात उचलतात आणि पहिलीनंतर सूरह फातिहा पढतात. हनफी पहिल्याच तकबिरीला हात उचलून सना (अल्लाहची स्तुती) पढतात. तरी सफ (नमाजींची रांग) एकच असते. ही नमाज उभ्यानेच होते, तिच्यात रुकू-सजदा (वाकणे, माथा टेकणे) नाही.

कफन पुरुषाला तीन कपड्यांचे, स्त्रीला पाच. इथून मक्का पश्चिमेला, म्हणून कबर दक्षिणोत्तर खणतात; डोके उत्तरेला, चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला. जमीन भुसभुशीत असेल तर कबरीच्या भिंतीत कोनाडा काढण्याऐवजी मधोमध खळगा घेऊन वर फळ्या टाकतात. उपस्थित प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. दफनाला उशीर करू नये असे सांगितले असल्याने, मय्यत गावी न्यायची की इथेच दफन करायची, हा निर्णय घरच्यांना काही तासांतच घ्यावा लागतो.

करोनाकाळात मय्यतीच्या या हक्काचा कस लागला. वांद्र्यातील कब्रस्तानांत करोनाने मृत झालेल्यांचे दफन होऊ नये, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा घटनेच्या कलम २१ मधील हक्काचाच भाग मानला.

शोक करताना अश्रूंना मनाई नाही; पुत्र इब्राहीमच्या मृत्यूवेळी पैगंबरांचेही डोळे पाणावले होते. आक्रोश करून ऊर बडवणे मात्र सुन्नी परंपरेत निषिद्ध आहे. शोक तीन दिवसांचा. विधवेची इद्दत (पुनर्विवाहापूर्वीचा प्रतीक्षाकाळ) चार महिने दहा दिवसांची, गरोदर असल्यास प्रसूतीपर्यंत. तिसऱ्या दिवसाची जियारत आणि चाळिसाव्या दिवसाचा विधी (चाळिसावा) यांवर मतभेद आहेत: बरेलवी त्यांना इसाल-ए-सवाब (मृताला पुण्य पोहोचवणे) मानतात, देवबंदी आणि अहल-ए-हदीस बिदअत (धर्मात नसलेली नवी रीत). पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवा, असे पैगंबरांनी सांगितले होते. त्या दृष्टीने दुःखी घरालाच कर्ज काढून चाळिसाव्याच्या पंगती घालायला लावणे अन्यायाचे आहे. मृताच्या मालमत्तेतूनही शरियतनुसार दफनखर्चानंतर आधी त्याचे कर्ज फेडायचे, मग एक तृतीयांशापर्यंतची वसीयत (मृत्युपत्र) पुरी करायची, आणि उरलेल्याची वारसांत वाटणी.