न दिसणे आणि नसणे

एखादी गोष्ट प्रत्ययाला येत नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे ठरवता येते का, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न कळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत. एक अट मात्र दोघांनाही मान्य आहे: वस्तू असती तर कळलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न कळणे हा पुरावा ठरतो. या योग्यानुपलब्धीचे मोल गच्चीवरची डिश बिघडते तेव्हा नीट समजते.

पडद्यावर ‘नो सिग्नल’ उमटले म्हणून उपग्रह नाहीसा झालेला नसतो. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला येतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, सातव्या कारिकेत, असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांतली काही या छत्रीला जशीच्या तशी लागू पडतात. व्यवधान म्हणजे आड येणे: छत्री बसवताना बुटका असलेला शेवगा वाढून आग्नेयेची वाट अडवतो. अभिभव म्हणजे प्रबळाने दुर्बळाला झाकणे: मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात संकेत काही मिनिटे बुडतो. तेव्हा छत्रीला हात न लावणेच शहाणपणाचे. समानाभिहार म्हणजे सारख्यात सारखे मिसळणे: छत्री जराशी फिरून शेजारच्या उपग्रहाकडे वळली, तर सेटटॉप बॉक्सवर सिग्नलची ताकद भरपूर दिसते, पण गुणवत्तेची पट्टी रिकामीच राहते.

सर्वांत जास्त वेळ खातो तो इंद्रियघात, म्हणजे इंद्रियातलाच दोष. छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे संकेत टिपणाऱ्या भागाला, लागणारी १३ किंवा १८ व्होल्ट वीज बॉक्सकडून त्याच केबलमधून वर जाते. केबलच्या टोकाचा कनेक्टर उघडून पाहिला, तर कधी जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तारेला टेकलेली असते आणि तेवढ्याने एलएनबी बंद पडतो. कधी पावसाचे पाणी शिरून आत हिरवट गंज चढलेला असतो. हे सारे तपासून झाल्यावर, आणि त्याच उपग्रहाकडे रोखलेली शेजारची छत्रीही मुकी आहे असे कळल्यावर, प्रसारणच बंद असल्याचे म्हणता येते. त्याआधी काढलेला तोच निष्कर्ष खरा निघाला, तरी ते ज्ञान नव्हे.

सांख्यांनी आठ कारणांची ही यादी प्रकृतीसाठी, म्हणजे जगाच्या मूळ कारणासाठी, केली. प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्म असल्यामुळे, अभावामुळे नव्हे, आणि तिच्या कार्यांवरून ती कळते, असे त्यांचे म्हणणे. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात योग्यतेची ती अट ईश्वराच्या प्रश्नाला लावली: जो स्वभावतःच प्रत्यक्षाचा विषय नाही, त्याच्या न दिसण्याने त्याचा अभाव सिद्ध होत नाही. हा युक्तिवाद भक्कम आहे, पण त्याची धाव मर्यादित आहे. छत्रीच्या बाबतीत योग्यता तपासायला केबल आहे, शेजारची गच्ची आहे. ईश्वराच्या बाबतीत कोणत्या स्थितीत तो कळायलाच हवा होता, हेच ठरलेले नाही. त्यामुळे नास्तिकाने केलेले खंडन अडते, पण आस्तिकाचा पक्ष त्याने सिद्ध होत नाही. उदयनाचार्यांना हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच ईश्वरसिद्धीची अनुमाने त्यांनी पाचव्या स्तबकात वेगळी मांडली.