‘इफ’ची माफी

इंग्रजी ‘इफ’साठी आपण ‘जर’ म्हणतो खरे, पण मराठीत ‘जर’ गाळला तरी वाक्य अडत नाही. अट सांभाळतात ‘तर’ आणि क्रियापद. ‘आला तर’, ‘आला असेल तर’, ‘आला असता तर’ : शक्यता, अंदाज, हळहळ. इंग्रजीत तिन्हींच्या दारात तोच ‘इफ’ उभा.

शिवाय प्रत्येक ‘इफ’ अट घालतोच असे नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ च्या ‘इफ्स अँड कॅन्स’ या व्याख्यानात बिस्किटांचे उदाहरण दिले होते. हवी असतील तर बिस्किटे तिथे आहेत, असे कोणी सांगितले आणि तुम्हाला ती नको असली, म्हणून ती नाहीशी होत नाहीत. आपले ‘भूक असेल तर डब्यात लाडू आहेत’ हे तसेच. लाडू आहेतच.

आता पुढाऱ्यांच्या खुलाशातले नेहमीचे वाक्य घ्या : ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे.’ बोलणाऱ्याला वाटते, हेही लाडवासारखे ऐकले जावे. माफी ठेवली आहे, लागेल त्याने घ्यावी. मला ते तसे ऐकू येत नाही. लाडू माझ्या भुकेवाचूनही असतात, माफी मात्र चूक कबूल केल्यावाचून तयारच होत नाही. इथे तर चुकीचा उल्लेखही नाही. आहेत त्या ऐकणाऱ्याच्या भावना, आणि त्याही संशयित.

कधी खरेच ठाऊक नसते, हे मान्य. गर्दीत कोपर लागते. पण तेव्हा माणूस वळून ‘लागलं का?’ विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. खुलासा देऊन तसा थांबलेला कुणी मी अजून पाहिलेला नाही.