नाव कळेपर्यंत

बदलीच्या नोकरीत बाग मिळते तीही उसनीच. दिल्लीतील आमच्या सरकारी निवासस्थानामागे दहा पावलांचे अंगण आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तेथे भिंतीलगत एक अपरिचित रोप आपोआप उगवले. त्याच्या आदल्या वर्षी तसलेच एक रोप आम्ही तण म्हणून उपटून टाकले होते. या खेपेस मात्र हात पुढे झाला आणि थांबला. ज्याचे नावही आपणांस ठाऊक नाही, त्याला नाहीसे करण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

'उगवेल ते वाढू द्यावे' हे उत्तर उदार दिसते. परंतु ते पुरे पडत नाही. मूळचे अमेरिका खंडातील गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्याच्या परिसरात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याने पिकांची जागा बळकावली, चराऊ राने बिघडविली आणि माणसांच्या अंगावर खाज व पुरळ आणले. तेथे दयेपेक्षा जाणकारीचीच गरज होती.

मग 'बाहेरचे ते उपटावे' असा नियम करावा काय? मिरची, बटाटा, टोमॅटो हीदेखील अमेरिकेतूनच आलेली. आज त्यांच्यावाचून आपली चूल अडते. शिवाय परप्रांतात अन्न मिळविणाऱ्या आम्हां मंडळींच्या तोंडी हा नियम शोभतही नाही.

तात्पर्य, निवाड्यापूर्वी ओळख हवी. प्रकरण न वाचता शेरा मारणाऱ्यास कचेरीत आपण दोष देतो. बागेत मात्र नेमके तेच करतो. आम्ही चौकशीस लागलो. शेजारच्या माळ्याने 'पापडी' एवढेच सांगितले. दिवाळीस मातोश्री आल्या. त्यांनी एक पान चुरगळून हुंगले आणि त्या उग्र वासासरशी म्हणाल्या, "अरे, हे तर वावळाचे झाड!" ग्रंथात पाहता पापडी आणि वावळ एकच निघाले, शास्त्रीय नाव होलॉप्टेलिया इंटेग्रिफोलिया. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या एका जुन्या वृक्षावरून कागदी पंखांची चपटी, वाटोळी फळे वाऱ्यावर उडत आमच्या अंगणात पडू लागली, तेव्हा घराणेही कळले. आम्ही ज्याला उपरा समजत होतो, तो या भूमीचा जुना रहिवासी होता. उपरे होतो ते आम्ही.

परंतु नाव कळले म्हणून प्रश्न सुटला नाही. उलट अवघड झाला. वावळ हा मोठा वृक्ष. भिंतीलगत त्याला ठेवणे म्हणजे पुढे भिंतीवर किंवा त्याच्यावर घाव घालणे. अनोळखी रोप उपटताना मन कचरले नव्हते. ओळखीचे हलविताना कचरले. ज्ञानाने आपली सुटका होते असे आपण मानतो. वस्तुतः ज्ञान जबाबदारी वाढविते, आणि म्हणूनच पुष्कळदा आपण ते टाळतो.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही ते रोप मुळांभोवतीच्या मातीसह काढून अंगणाच्या मोकळ्या टोकास लावले. आता त्याला नवी पालवी आहे. त्याची सावली आमच्यानंतर येणाऱ्या कोणा बिऱ्हाडाला मिळेल. ते योग्यच आहे.

मात्र पहिल्या वर्षीच्या त्या रोपाची आठवण अजून सलते. तेही वावळाचेच असावे. पण खात्री करून घेण्याची सोय आम्हीच ठेवली नाही.